समुद्री विषाणू आणि कोपऱ्यातलं टेबल

३ मार्च, सकाळ
प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये कुणाचा तरी मग, त्यात बुरशीची गादी. शी! अशा लोकांत मी निवृत्तीनंतरही कोपऱ्यातलं टेबल धरून आहे. शुक्रवारी सगळ्यांसमोर निकाल मांडा, नाहीतर टेबल सोडा, असं प्रमुखबाई म्हणाल्या. माझीच विद्यार्थिनी! निकालांचा ढीग लावतो.

दुपार
काम काव्यमय आहे. समुद्री बॅक्टेरियांना मारणारे विषाणू फ्रीजरमध्ये आहेत. प्रत्येकाचं एकेक जीन मोडलेलं. गुरुजी श्लोकातलं एक अक्षर खोडून म्हणायला लावत. जीभ ठेचकाळली की अक्षराची किंमत कळे. तसंच इथे. प्लेटवर वाढवलेल्या बॅक्टेरियांच्या सायीला विषाणूने भोकं पाडली, तर ते जीन बिनमहत्त्वाचं. नाही पाडली, तर अत्यावश्यक.

४ मार्च
बॅक्टेरिया माझेच, जुन्या फ्लास्कमधले. वर्षानुवर्षं सांभाळलेत. सौ. म्हणते, घरच्या कुंड्या वाळल्या, अन् त्या कुबट पाण्याचे लाड! गेल्या महिन्यात फ्लास्क एकाएकी निवळला होता. दोन दिवसांत पुन्हा गढूळ. जिद्दी लेकरं!
नवी मंडळी दर थेंबाला प्लास्टिकचं नवं टोक लावून फेकतात. किळसवाणी उधळपट्टी. मी एकाच काचनळीने सगळं करतो.

५ मार्च
एकाही प्लेटवर भोक नाही! म्हणजे सगळीच जीन्स अत्यावश्यक. असा निकाल जगात कुणाचा नसेल. भाषणाची सुरुवात श्लोकाने करावी.

६ मार्च
न मोडलेला, हमखास भोकं पाडणारा विषाणू शेजारी लावलात ना सर, असं बाईंनी विचारलं. गुरूची विद्या गुरूलाच! तो धडा मीच शिकवला, म्हणालो. लावला नव्हता. तोंड बंद करायला लावला.

७ मार्च, शुक्रवार, सकाळ
त्यानेही भोक पाडलेलं नाही. प्लेट निकृष्ट असणार. आजकाल मालच भिकार येतो.
बाईंनीही काल फ्रीजरमधल्या ताज्या बॅक्टेरियांवर माझेच विषाणू लावले होते म्हणे. बहुतेक प्लेटांची चाळण.

संध्याकाळ
श्लोक म्हटला नाही. गेल्या महिन्यात माझ्या काचनळीतून विषाणू फ्लास्कमध्ये गेला, बॅक्टेरिया मेले म्हणून तो निवळला, उरले ते विषाणूला दाद न देणारे. तेच वाढले, असं बाईंनी हळू आवाजात सांगितलं. हळू आवाजाचीच जास्त शिसारी आली.
टेबल गेलं. फ्लास्क बाईंनी ठेवून घेतला. माझ्या लेकरांचं कोणतं जीन बिघडलंय, ते शोधायचंय म्हणे.
त्यासाठी जागा हवी होती. कोपऱ्यातलं टेबल रिकामंच होतं.