नुसतं टीजिंग

४ जुलै
माझी मुलगी विनुता आली, चेन्नईहून, तिच्या लेकीला घेऊन. अंबुजाचं वर्षश्राद्ध अकरा तारखेला. ठरवलं: बायको गेली ती गेली, पण लेक या मुक्कामात माझ्याशी मराठीत बोललीच पाहिजे. इथल्या मराठा राजांच्या काळापासून तमिळ मुलखातल्या या घरात मराठी, आणि ही माझ्याशी फक्त इंग्लिश! लाजते, दुसरं काय.

४ जुलै, संध्याकाळ
माझ्या स्पोकन इंग्लिश क्लाससाठी नवा धडा: टीज. सिनेमाचा टीझर. ब्रेन-टीझर. केसांचा गुंता हळूच सोडवणं, तेही टीज. आणि मुख्य म्हणजे प्रेमाची थट्टा. 'आय वॉज ओन्ली टीजिंग' म्हटलं की समोरच्याने हसायचं असतं. उदाहरण घरचंच. लहानपणी विनुता लग्नाच्या पंगतीत तमिळ हेल काढून मराठी बोलली. मी उभा राहून नक्कल केली. पंगत हसून लोळली! विनुता ताटावरून उठली. सांबार तिखट असेल.

६ जुलै, सकाळी
संकल्प: श्राद्धापर्यंत थट्टा बंद. एकदम कडक.

६ जुलै, दुपारी
नात साईप्रिया आपणहून मराठीत म्हणाली, आजोबा, मला भूक लागली. हेल थेट आईचा! राहवेना. मान हलवून तस्संच म्हणून दाखवलं. पोर आईमागे लपली. विनुता म्हणाली, प्लीज, अप्पा. मी म्हटलं, आय वॉज ओन्ली टीजिंग. कुणी हसलं नाही. एवढं वगळलं तर संकल्प चालू आहे.

७ जुलै
साईप्रियाही आता माझ्याशी इंग्लिश बोलते. उच्चार छान आहेत.

९ जुलै
शेजारच्या भागीरथीअक्कांना म्हटलं, हल्लीच्या पोरांना काही सोसत नाही बघा. अक्का म्हणाल्या, अंबुजा शेवटी खोकायची तेव्हा तुम्ही खोकून दाखवायचात. अहो, हसवायला! हसायची ती. बहुतेक.

११ जुलै
श्राद्ध झालं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो तर आतून मराठी. विनुता! अक्कांशी घडाघडा बोलत होती, कुठे अडणं नाही, हुबेहूब अंबुजा. म्हणत होती, अप्पा क्लासला गेले की अम्मा रोज फोन करायची, किती हसवायची मला. आता मराठी बोलायला कोण उरलंय हो मला, अक्का?
अगं, मी आहे की! पुढे झालो. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, कॉफी, अप्पा?
अंबुजा हसवायची? माझ्याशी तर दिवसाला दोन शब्द बोलायची.

१२ जुलै
नव्या बसस्टँडवर पोचवायला गेलो. ऑटोत बसल्यापासून मनात घोकत होतो: विनुता, माझ्याशी बोल गं, मी हसणार नाही. बस हलेपर्यंत ओठांवर होतं. खिडकीतून ती म्हणाली, टेक केअर, अप्पा.
मी म्हणालो, थँक यू. यू टू.