चौकीच्या टेकडीवरचा डबा

रविवार, २ जून २०२४
पोचलो एकदाच्या म्हैसूरला! बदलीचा हुकूम आला तेव्हा नाशिकच्या ऑफिसात सगळ्यांनी अशी तोंडं पाडली होती, जणू मला काळ्या पाण्यावरच पाठवताहेत. इथे तर हवेत गारवा, रस्त्यांवर सावली, आणि नजरबादमधले घरमालक चक्क मराठी. अंबाजीराव आणि गोदावरीबाई. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते म्हणे. त्यांचं कानडीमिश्रित मराठी ऐकून मृण्मयी खुदकन हसली, मी तिला हळूच चिमटा काढला. गोदावरीबाईंना जवळजवळ दिसतच नाही. किल्ली द्यायला त्यांनी चाचपडत माझा हात शोधला.
मृण्मयी सात वर्षांची. हिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, आणि आमचा एकच छंद, जिओकॅशिंग. कुणीतरी डबा लपवतो, फोनवर जागा कळवतो, बाकीच्यांनी तो हुडकायचा. डब्यातल्या वहीत नाव लिहायचं. एखादी वस्तू आवडली तर घ्यायची, पण बदल्यात आपली एक ठेवायचीच. या नियमाच्या बाबतीत बाईसाहेब माझ्याहून कडक आहेत!

रविवार, ९ जून
हुणसूरच्या वाटेवर चौकीची टेकडी आहे. तिथे डबा आहे म्हटल्यावर गोदावरीबाई खूश झाल्या. "आमचे पूर्वज तिथंच पहाऱ्याला होते गं. जा जा, वरून तुंबा, खूप छान दिसतं." मग उगाच विचारलं, डबा उघडणार का.
वर पडकी चौकी, भन्नाट वारा, लांबवर चामुंडीचा डोंगर. पहारेकऱ्याच्या बसायच्या दगडाखाली स्टीलचा डबा सापडला. आत वही, गोट्या, आणि चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे, देवाला वाहतात तसे. मृण्मयीनं ते उचलले आणि बदल्यात केसांतली लाल क्लिप ठेवली. उतरताना दोघींनी भाजकं कणीस खाल्लं.

बुधवार, १२ जून
शाळेतून फोन. मृण्मयीला फळ्यावरचं वाचता येत नाही. संध्याकाळी जिन्यात पडली.
गोदावरीबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. बारीक खडे पटापट बाजूला टाकत होत्या. मी कौतुक केलं, तर मान वर केली नाही.

शुक्रवार, १४ जून
डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत.
आज ती जेवताना ताट चाचपडत होती. अगदी तसंच, जसा गोदावरीबाईंनी माझा हात शोधला होता.
ते चांदीचे डोळे घेऊन खाली गेले. बघताच अंबाजीराव उठून आत निघून गेले. गोदावरीबाई रडायलाच लागल्या. "अय्यो, आमच्यात करत आलेत गं. नजर गेली की पहाऱ्याची चाकरी गेली. मग हे आपल्या डोळ्यांवरून उतरवून त्या दगडाखाली ठेवायचं. आता तिथं डबा आहे, त्यात ठेवले. उचलेल त्याला लागतं. लेकरू उचलेल हे गोत्तिरलिल्ला, ठाऊक नव्हतं गं मला!"
मी म्हटलं, परत ठेवते. त्या म्हणाल्या, नुसतं उचलून परत ठेवलं असतं तर चाललं असतं. तुम्ही बदल्यात वस्तू ठेवलीत, सौदा पुरा झाला. आता दुसऱ्या कुणी तसंच उचललं तरच सुटेल.
तो नियम मीच शिकवला तिला. मीच.
आणि आम्ही निघालो तेव्हा या बाईला सगळं माहीत होतं.

शनिवार, १५ जून
मृण्मयीच्या डोळ्यांवरून ते उतरवून डब्यात ठेवून आले. ती विचारत राहिली, हे कशाला. सगळं सांगितलं. सांगायला नको होतं.
फोनवर निरोप आहे. बंगळुरूचा कुणी प्रणेश उद्या सकाळी टेकडीवर येतोय, लेकीला घेऊन. तिचा पहिलाच डबा.
मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला.

रविवार, १६ जून, सकाळ
चौकीच्या भिंतीआड बसलोय. मृण्मयीनं माझी ओढणी घट्ट धरलीये. विचारते, आई, ढग आलेत का? ऊन कडक आहे —
आले. मुलगी मृण्मयीपेक्षाही लहान. दोन वेण्या. दगड सरकवला — हसतेय — केसांतला गजरा काढून ठेवतेय बदल्यात — हात आत —

दुपार
नाही जमलं मला. धावले. तिचा हात झटकला, डोळे मीच उचलले, माझं घड्याळ डब्यात टाकलं. पोरगी भोकाड पसरून रडली, प्रणेश ओरडत होता.
बसमध्ये मृण्मयीनं दुकानांच्या सगळ्या पाट्या वाचल्या. सगळ्या! मी हसत होते, रडत होते.

संध्याकाळ
अक्षरांच्या कडा विरघळताहेत. ती म्हणते दिवा लावलाय. मला वाटलं —
भीती वाटते. खूप. पण तिला दिसतंय, तेवढं पुरे —
ते टेबलावर होते. आता हाताला लागत नाहीत —
ती म्हणते, आई, डोळे मीट. पापण्यांवर काहीतरी गार — पत्रा — मृण्मयी, नको — ठेव ते खाली, उचलू नकोस — ती विचारतेय, बदल्यात आता कुठली क्लिप ठे