अकरावं घर

बाई, तुम्ही रागावल्या की आवाज चढवायच्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसायला लागायच्या, आणि तेवढ्यानेच मी हातातलं काम खाली ठेवायचे. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः म्हातारी झाले, तरी कोणी समोर बसून चष्मा पुसायला लागलं की मला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

गोंडपिपरीच्या पुढचं ते गाव तुम्हाला आठवत असेल. विकास गट नुकता सुरू झाला होता, मी एकोणीस वर्षांची ग्रामसेविका, आणि तुम्ही नागपूरहून आम्हाला काम शिकवायला आलेल्या. मोहफुलं वेचायची म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला, वारा फिरला, आणि खालच्या टोलीतली, त्या लहानशा वस्तीतली, अकरा घरं बियाण्याच्या धानासकट राख झाली. महिनाभराने कोणतं घर सावरलं, कोणतं नाही, ते मोजायला तुम्ही मला पाठवलंत. जी सावरली नाहीत त्यांना पावसाआधी छपरासाठी बांबू, लाकडी बल्ल्या आणि बियाणं मिळणार होतं. कागदावरचे प्रश्न तुमचे होते. छप्पर आहे का, चूल कशावर पेटते, धातूचं भांडं किती, आणि आल्यागेल्याला काय देतात. पाहुण्याला पाणी-गूळ देण्याइतकं ज्या घराला सुचतं ते घर उठून बसलं समजावं, असं तुमचं मत. मला ते फार पटलं होतं.

मी घरोघर जाते. छपराच्या जागी पळसाच्या फांद्या आहेत, पण अंगण सारवलेलं, आणि प्रत्येक दारात माझ्यासमोर पितळेचा लोटा येतो, सोबत गुळाचा खडा. शेवटच्या घरी नवऱ्याचे दोन्ही हात भाजलेले, चिंध्यांत गुंडाळलेले. बायको मात्र ताठ उभी. ती म्हणते, ‘‘आमचं बरं हाये. तुमी लिहा, बरं हाये.’’ मी लिहिते. अकराही घरांपुढे मी ‘सावरलं’ लिहिलं, आणि एवढं चांगलं काम केल्याच्या आनंदात चावडीवर परतले.

संध्याकाळी तुम्ही कागद वाचायला घेतले. मी हुशारी दाखवायला भांड्याचं वर्णनही लिहिलं होतं, पितळी लोटा, कडेला पोचा. अकरा कागदांवर तेच. तुम्ही चष्मा काढलात. पटवारी शेजारीच बसला होता.

‘‘लोटा तुह्या पुढं पळत होता, पोरी,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘अन् तू कागद घेऊन त्याच्या मांगं.’’

आगीतून एकच लोटा वाचला होता. सरकारी बाईसमोर शेजारणीची मान खाली जाऊ नये म्हणून तो मागच्या बाजूने घरोघर फिरत होता, गूळही कोणीतरी वरच्या टोलीतून मागून आणलेला. तुम्ही स्वतःचा तो पाहुणचाराचा प्रश्न तिथेच खोडला, चूक आपलीही आहे असं म्हणालात, आणि सांगितलंत की उद्या सकाळीच जा, यादी पाठवायची आहे, पाऊस तोंडावर आहे. गावात तसा निरोपही धाडलात.

पण पटवारी हसला होता. त्याचा मला इतका राग आला की मी गोंडपिपरीला बहिणीकडे जाऊन बसले. पाय सुजले म्हणून खोटंच कळवलं आणि दोन दिवस फुगून राहिले. तिसऱ्या दिवशी टोलीत गेले. दहा घरांनी या वेळी लोटा आणला नाही, सरळ रिकामे हात दाखवले. अकराव्या जागी फक्त थंड चूल होती. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘तुमी येऊन राह्यल्या म्हणून त्यायनं दोन दिवस वाट पाह्यली. काल दुपारी गेले नदीपल्याड. आता काऊन आल्या?’’

मला तिच्याकडे बघवलं नाही. झाडाखाली बसून मी दहा कागद नवे भरले आणि अकराव्यावर पुन्हा जुनंच उतरवलं, फक्त लोटा गाळला. ‘सावरलं. मदतीची गरज नाही.’ घर रिकामं आहे असं लिहिलं असतं तर तुम्ही कधीपासून म्हणून विचारलं असतं.

तुम्ही तो कागद कितीदा वाचलात. दहा घरांना बांबू मिळाले, ती पावसाआधी उभी राहिली, आणि तुमच्या मनात मात्र अकरावं घर बसलं. भाजलेल्या हातांचा माणूस, बियाणं नाही, तरी कोणाचा आधार न घेता उभं राहिलेलं घर. पुढे प्रत्येक नव्या तुकडीला तुम्ही तेच सांगत गेल्या, आणि मी मागच्या बाकावर बसून खाली मान घालून ऐकत गेले. तुमच्या शेवटच्या आजारपणात सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही माझा हात धरून म्हणालात की ते घर तू मले दाखवलं. मग काय सांगणार?

हे पत्र कुठे टाकायचं ते मला कळत नाही, आणि तसं टाकायचंही नाही. पण एक आणखी आहे, बाई. तुमच्या जागेवर नंतर मीच शिकवायला लागले. कुटुंबं कशी सावरतात हा धडा आला की मुली दाखला मागतात. मी त्यांना ते अकरावं घर सांगत आले. परवा सत्काराला बोलावलं होतं, तिथेही सांगितलं.