उजवी तार

ता. ९, मंगळवार, दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण पायाचं शिवणयंत्र मोडीत काढून विजेचं घेतल्यापासून त्याला बोलायला फारशी जागा उरली नाही. तुझ्या बायकोच्या कोटाचं अस्तर बदलून ठेवलंय. तिचा खोकला गेला की घेऊन जायला सांग, तू काही यायचा नाहीस.

परवा आपला सिनेमा बघून आले. पस्तीस वर्षांनी पुन्हा लावलाय आणि थिएटर गच्च भरलेलं होतं. तुझ्या लेकीनेच ओढून नेलं मला. पडद्यावर विमानांचा शोध नुकताच लागलाय, बांबू-कापडाची सात विमानं शर्यतीला उभी आहेत, एकाचं चाक निघून पुढेच पळतंय, एकाचा मालक विमानापेक्षा जास्त फडफडतोय. लोक हसून हसून खुर्चीतून खाली यायचे बाकी होते. पंख मीच शिवलेत सगळे. पाचव्या विमानाच्या डाव्या पंखाची शिवण वाकडी आहे, ती अजून दिसते मेली.

मग तुझा प्रसंग आला. हिरोच्या जागी तू, नकली मिशा लावून. दिग्दर्शकाने सांगितल्याप्रमाणे सायकलवाल्यासारखा ऐटीत उजवा हात बाहेर काढून वळण्याची खूण करतोस, आणि विमान डावीकडे वळून थेट परीक्षकांच्या तंबूत. पेंढा भरलेले परीक्षक आकाशात. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला, "काय टायमिंग आहे!" मला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या टायमिंगमध्ये तुझी मांडी दोन ठिकाणी मोडली होती.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आत्या, बाबांचा चेहरा बघितलास? आपण उजवीकडेच चाललोय याची त्यांना पक्की खात्री होती." पोरगी हुशार आहे. कुणावर गेलीय देव जाणे.

मग तिने पिशवीतून तो फॉर्म काढला. विमान शिकायचंय तिला, वय सतरा, म्हणून बापाची सही लागते. तू फॉर्म परत केलास म्हणे. "आपल्या घराण्याला उजवं-डावं कळत नाही, विमानाच्या वाटेला जायचं नाही," असं म्हणालास. रडली नाही ती. फक्त म्हणाली, "बाबा स्वतःची गाडीसुद्धा आईला चालवायला देतात."

हे मला माहीत नव्हतं रे.

आता नीट वाच. मध्येच फाडू नकोस.

त्या दिवशी मेकॅनिक तापाने फणफणला होता, आठवतंय? त्याने शेपटीकडच्या सुकाणूच्या दोन्ही तारा सोडून ठेवल्या होत्या आणि निरोप पाठवला होता: ताईला सांगा, कापड लावण्याआधी तारा पेडलला अडकव, उजवी उजव्याला, डावी डाव्याला. तारांना मीच शिवलेल्या चिंध्या होत्या, त्यांच्यावर त्याने लिहून ठेवलं होतं. मी नाकाचं झाकण काढून विमानासमोर बसले, तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. आमच्या शिवणाच्या कारखान्यात गिऱ्हाईक समोर उभं असतं. "उजवी बाही" म्हणजे माझ्या उजव्या हाताला येते ती. सगळ्याजणी तसंच बोलतो, म्हणून कधी घोटाळा होत नाही. मी "उजवी" लिहिलेली तार माझ्या उजवीकडच्या पेडलला लावली. म्हणजे तुझ्या डाव्या.

तू मात्र तुझं काम चोख केलं होतंस. विमानात चढल्यावर उजवा पाय दाबलास आणि ओरडलास, "ताई, सुकाणू कुठे वळलं?" तुला मागचं दिसत नव्हतं. मी समोर उभी. मला दिसलं ते सांगितलं, "उजवीकडे!" माझ्या उजवीकडे. तू अंगठा दाखवलास.

दुसऱ्या दिवशी मोडक्या विमानाचं कापड उसवायला मलाच बसवलं. या वेळी मी मागून, तुझ्या खुर्चीच्या बाजूने बसले होते. डाव्या पेडलला "उजवी" लटकत होती. आणि मग मी काय केलं? कात्रीने चिंधी कापली आणि खिशात घातली. तोवर दिग्दर्शकाने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोराने घाबरून भलताच पाय दाबला. कुणी तारांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात तू म्हणालास, "ताई, माझाच पाय चुकला गं."

मी म्हणाले, "असू दे."

दोन शब्द. आधी वाटलं, तू बरा झालास की सांगेन. मग तुझं वैमानिकाचं लायसन्स गेलं. मग तू ऑफिसात चिकटलास, लग्न झालं, आणि सांगायची वेळ निघून गेली असं मी स्वतःला पटवत राहिले. भ्याले मी. तू माझं तोंड बघणार नाहीस, याला भ्याले. घरात सगळे तुला "उजवा-डावा" म्हणून चिडवायचे, तेव्हा मीही हसायचे. त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

ती चिंधी बटणांच्या डब्यात होती इतकी वर्षं. सोबत पाठवतेय. अक्षर मेकॅनिकचं आहे, ओळखशील.

तुझा पाय चुकला नव्हता. तू उजवा दाबलास, उजवाच. तुझ्याइतकं उजवं-डावं कळणारा त्या मैदानात दुसरा कुणी नव्हता.

माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. फॉर्म तेवढा लेकीकडून मागून घे आणि सही कर. तिला पहिल्या दिवशी एवढंच शिकव: सुकाणू तपासताना मागे उभ्या असलेल्या माणसाला विचार, समोरच्याला नाही.

तुझ्या समोर उभी राहिलेली,
ताई