ताटाएवढी चकली

धरमपेठ, नागपूर
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. देवकीवहिनींस,

सुहासिनीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. भैयाजींचा खोकला कमी झाला असेल, आणि थंडी आमच्यापेक्षा सावनेरला जास्तच असेल. एवढं विचारून झालं की आपण दोघी फोनवर ‘बरं, ठेवते’ म्हणतो, म्हणून या वेळी फोन केला नाही. पत्र पाहून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. मोबाइलवरच लिहिणार होते, पण त्या बारक्या अक्षरांवर माझं बोट भलतीकडेच पडतं. केयूर उद्या सकाळी बँकेच्या कामानं तुमच्याकडेच येतो आहे, त्याच्या हाती हे देते.

अक्षराकडे लक्ष देऊ नका. पेन नवं आहे, अजून हाताला बसलेलं नाही.

आधी कामाचं बोलते. गार्गीच्या लग्नाची पत्रिका हे स्वतः येऊन देऊन गेले. तुम्ही चहा केला, पत्रिका देवापुढे ठेवली आणि ‘येऊ’ म्हणालात, एवढं ह्यांनी सांगितलं. ‘येऊ’ कशा सुरात म्हणाल्या, ते मी तीनदा विचारलं, तर म्हणे सूर कसला, येऊ म्हणाल्या. पुरुषांना निरोपाला पाठवलं की हे असं होतं. असो. महाशिवरात्र झाली की त्या आठवड्यात लग्न. रुखवंताला मला आपला पितळी सोऱ्या हवा आहे. केयूरसोबत पाठवून द्या. चकत्या माझ्याकडे आहेत.

थांबते, कुकर झाला.

कुकर उतरवला, वरण घोटलं, पुन्हा बसले. ‘चकत्या माझ्याकडे आहेत’ हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. महाल भागातलं आपलं एकत्र घर सोडलं तेव्हा दोन टेम्पो भरले, तुमचा सावनेरला आणि आमचा इकडे. सोऱ्या तुमच्या टेम्पोत चढला आणि चकत्यांचा डबा आमच्या. हमालांनी हाताला लागेल ते उचललं, पण आपण दोघींनी त्यात बेत पाहिला. तुम्ही म्हणालात म्हणे, सुहासनं चकत्या दाबून ठेवल्या. मी म्हणाले म्हणे, मोठ्या जाऊबाईंनी सोऱ्या लांबवला. हे ‘म्हणे’ इकडून तिकडे पोचवणाऱ्या जिजाबाई आत्या गेल्या, त्यांच्या तेरवीला आपण शेजारी बसून जेवलो, तरी सोऱ्याचं नाव दोघींनीही काढलं नाही. मागायचं कोणी आधी? तुमच्याकडे चकत्यांवाचून सोऱ्या आणि माझ्याकडे सोऱ्यावाचून चकत्या. दोन शहाण्या बायका, आणि दोन्ही घरांत चकली विकतची.

गार्गी म्हणते, रुखवंतही विकत घेऊ. हल्ली म्हणे सगळं तयार मिळतं, करंज्या, अनारसे, साखरेचे नारळ, सजवलेल्या टोपल्यांसकट. मिळत असेल. पण तिच्या सासूबाई संक्रांतीला आल्या होत्या, त्या सहज म्हणाल्या की तुमच्या घराण्यात ताटाएवढी चकली करतात असं ऐकलं, बघायची आहे हो. झालं. मी ‘करणारच आहे’ म्हणून बसले. माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच, हे तुम्ही चांगलं जाणता.

त्या संक्रांतीचं सांगायचं तर सांगण्यासारखं काही नाही. सांभार स्वस्त झालाय, गोकुळपेठेत कोथिंबिरीचे हिरवेगार ढीग लागलेत, म्हणून पाहुण्यांना सांभारवड्या केल्या. सारण तुमच्याच पद्धतीचं, खसखस, सुकं खोबरं, चारोळी, सगळं मापात. पण पुड्या तेलात उकलल्या. एक नाही, चांगल्या निम्म्या. तेलभर सांभार पसरला. मी म्हटलं, पारी पातळ झाली. पारी पातळ नव्हती. तिळगुळाचे तीळही त्याच दिवशी करपले. मी गॅससमोरच उभी होते. ह्यांना बाहेरच्या खोलीत वास गेला, मला आला नाही. मी म्हटलं, सर्दी आहे.

सर्दी नव्हती.

दाराची बेल वाजली. इस्त्रीवाला. या घरात कोणी अर्धा तास सलग बसू देईल तर शपथ. खरं तर मीच बसत नाही. सकाळपासून चारदा उठले, उगाच. ओट्यावरचे डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. हे म्हणाले, तुझ्या पायात भिंगरी आहे का. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, म्हणून बरं.

आज सकाळी म्हटलं, तुमचा सोऱ्या यायचा तेव्हा येईल, बाजारातला आणून हात तर बसवून पाहू. भाजणी घरचीच, मोहन घातलं, पीठ चांगलं मऊ मळलं गेलं. म्हणजे रुखमाबाईनं मळलं. रुखमाबाई आमच्याकडे भांड्याला येते, पण लग्नघर म्हणून हल्ली थोडी थांबते. दांडा फिरवायला लागले, तर मनगट वळेचना. जोर होता, पण गंजलेल्या कडीसारखं मध्येच अडायचं. चकलीचा एक वेढा आला, दुसरा तिसरीकडेच गेला, तिसऱ्यात तुकडा. म्हटलं, सोऱ्या हलका आहे. मग हात मांडीवर ठेवून जरा टेकले.

रुखमाबाई समोर परात घासून राहिली होती. (बघा, तुमच्या आठवणीनं माझ्याही लेखणीत ‘घासून राहिली’ आलं.) ती थांबली आणि म्हणाली, “बाई, तुमचा हात काहून हालून राहिला वं? थंडी वाजून राहिली का?”

मी हात पदराखाली घेतला आणि तिला पाणी सांडल्यावरून बोलले. पाणी सांडलं नव्हतं. बिचारी पुसायला लागली.

आणि गार्गी. परवा आम्ही दोघी तिच्या साड्या फॉल लावायला काढत होतो. माझा उजवा हात नुसता मांडीवर होता, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होते, आपण खिरीसाठी गव्हले वळतो तसे. पाहून ती हसली आणि म्हणाली, “आई, लग्नघर इतकं डोक्यात गेलंय का तुझ्या? पीठ नाही तरी गव्हले वळतेस.” आणि माझ्या हातावर टपली मारून गेली. हसण्यासारखंच होतं, मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

वहिनी, आता लिहितेच. मागच्या आठवड्यात मी ब्लाउजचं कापड जुळवायला जाते म्हणून रामदासपेठेत डॉक्टरांकडे जाऊन आले. एकटीच. आपल्या केयूरच्या वयाचा मुलगा होता. त्यानं मला चालायला लावलं, टिचक्या वाजवायला लावल्या, वास येतो का विचारलं. मग कागद दिला आणि म्हणाला, मनाला येईल ते लिहा. मी लिहिलं, भाजणीत धने जास्त नकोत. ते त्यानं वाचलं, हसला नाही, आणि मला ओळ दाखवली. सुरुवातीचा ‘भा’ बरा होता आणि शेवटचा ‘नकोत’ मुंगीएवढा. या पत्रातही तसंच होतं आहे, प्रत्येक ओळीला, तुम्ही आतापर्यंत पाहिलंच असेल.

कंपवाताची सुरुवात आहे म्हणाला. औषध आहे, घाबरू नका, पुष्कळ वर्षं नीट जातात. मी विचारलं, चकली करता येईल का. तो म्हणाला, करा की. त्याला काय माहीत आमची चकली केवढी असते.

गोळ्या चकत्यांच्या डब्यात ठेवल्या आहेत. तो डबा या घरात कोणी उघडत नाही, मीही आजवर उघडत नव्हते.

कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना सांगितलं तर ते त्याच दिवशी गार्गीला सांगतील, त्यांच्या पोटात काही राहत नाही. आणि गार्गीला कळलं तर ती जर्मनीला जाणार नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं, लग्न करून नवऱ्यासोबत जाणार नाही? नाही जाणार. ह्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा मुंबईची नोकरी सोडून आली होती, आम्ही किती सांगितलं तरी. आता तिथं तिची नोकरी ठरलेली, आयुषनं घर पाहून ठेवलेलं. मुलगा चांगला आहे, थांबूही म्हणेल. आणि मग ती इथं माझ्यासमोर बसून माझा हात पाहत राहील. मला ते नको आहे. ती माझ्या हाताकडे पाहते त्या नजरेची मला त्या आजारापेक्षा भीती वाटते.

म्हणून असं ठरवलं होतं की चकली झकास करायची. ताटाएवढी चकली रुखवंतात अख्खी उभी राहिली, की आईला काही झालंय असं कोणाच्या मनातही यायचं नाही. विमान उडालं की मग बघू. त्यासाठी सोऱ्या मागवत होते. पितळी जड आहे, दांडा सरकतो, जमेल, असं स्वतःला सांगत होते.

नाही जमणार. सोऱ्या पितळी असो की सोन्याचा, ती चकली एकटीनं कधी झालेलीच नाही. दांडा तुम्ही फिरवायच्या आणि खालचं ताट मी. माझं लग्न झालं त्या वर्षी वन्संच्या रुखवंताला तुम्ही मला पहिल्यांदा ताटाशी बसवलं होतं. माझी बोटं तेव्हाही कापत होती, भीतीनं. सासूबाई दारात उभ्या होत्या. तुम्ही हलक्या आवाजात म्हणालात, “माह्या हाताकडे नको पाहू वं सुहास, ताटाकडे पाह्य. तुटली तं आपल्या दोघीची तुटली.” ती तुटली नाही. त्यानंतर घरातल्या एकाही लग्नात तुटली नाही. लोक तुमच्या हाताचं कौतुक करायचे आणि तुम्ही म्हणायच्या, ताट सुहासनं फिरवलं. हे मी कोणाजवळ बोलले नाही, पण मला ते फार आवडायचं.

आता जेवायला हाका मारून राहिले सगळे. हे पत्र वाचून फाडावं असं वाटतं आहे. आधीची दोन फाडली. त्यांत नुसतंच ‘सोऱ्या पाठवा’ होतं, अर्ध्या पानात, छान स्वच्छ. हे असं घाणेरडं लांबलचक तिसरं. केयूर मघाशी खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, किती लिहितेस आई, काकूला चष्मा लागेल. पत्र त्याच्या बॅगेत गेलं की मला परत घेता यायचं नाही, म्हणून आजच टाकते.

वर जे मागितलं ते मागे घेते. केयूरच्या हाती सोऱ्या पाठवू नका. तो रिकाम्या हातानं परत आला तरी चालेल. सोऱ्या तुम्ही घेऊन या, वहिनी. लग्नाला नको, आधी या, या आठवड्यात या, भैयाजींना म्हणावं रुखवंताचं काम निघालं आहे. ते खोटंही नाही. आल्यावर मला आधी रागवा. एकटी डॉक्टरकडे गेले म्हणून, रुखमाबाईला उगाच बोलले म्हणून, चुलीपाशी घालवलेली एवढी वर्षं विसरून एका डब्यासाठी तोंड फिरवलं म्हणून. मग मीही तुम्हाला थोडं बोलेन, तेवढं ऐकून घ्या.

आणि मग गार्गीला समोर बसवू. लपवून तिला विमानात बसवणं जमणार नाही मला, हे आता लिहिता लिहिता कळलं. पण एकटीनं सांगायला गेले तर मी रडेन आणि ती बॅग उपसेल. तुम्ही शेजारी असलात, पीठ मळलेलं असलं, कढईत तेल तापत असलं, तर मी सांगू शकेन आणि वर तिला ‘जाच’ म्हणू शकेन. तुमच्यासमोर तिची नाही म्हणायची हिंमत होत नाही, लहानपणापासून. दांडा तुम्ही फिरवा. ताट मी डाव्या हातानं फिरवीन, तो अजून माझं ऐकतो. चकली वाकडी आली तर वाकडीच ठेवू रुखवंतात. तुटली तर ‘दोघीची तुटली’ म्हणायला मला कोणीतरी हवं आहे, आणि ते दुसरं कोणी म्हणून चालणार नाही.

भैयाजींना नमस्कार. येताना मफलर घ्या, सकाळी धुकं असतं.

पेनाबद्दल लिहिलं ते खोटं होतं. पेन चांगलं आहे.

तुमची,
ताट फिरवणारी
सुहास