लाकडी बैल

पिस्कॅटवे, सोमवार, १४ मार्च २००५

पोस्टडॉकची पोझिशन मलाच मिळाली. माणूस आणि प्राण्यांच्या नात्याचा इतिहास! फोन ठेवल्यापासून त्या इंटरव्ह्यूचा नुसता संताप येतोय. समोर तिघं प्रोफेसर, आणि टेबलाखाली त्यातल्या बाईंचा स्वेटर घातलेला कुत्रा, सारखा माझ्याकडे बघून गुरगुरणारा. बाईंनी विचारलं, "लहानपणी घरी जनावरं होती?" मी पोळा सांगितला. आम्ही बैल सजवतो, ओवाळतो, नैवेद्य दाखवतो. तिघांचेही डोळे पाणावले. यांनी बैल पाहिला असेल तो बर्गरमध्ये. कुत्र्याला स्वेटर चढवला की झाले प्राणिमित्र!

आणि मी? नागपुरात आमचा बैल लाकडी होता. चाकांवरचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला दोरीने ओढत न्यायचा, मग वर्षभर माळ्यावर. जिवंत बैलाला मी आजवर हातसुद्धा लावलेला नाही. हे का नाही सांगितलं? विचारलं नाही म्हणून? विचारलं होतं की सरळ.

रूममेट मेधा म्हणाली, "यार, सगळ्यांना इंप्रेस केलंस!"

सगळ्यांना नाही. स्वेटरवाला शेवटपर्यंत गुरगुरतच होता. त्या खोलीत मला ओळखलं ते त्या एकट्याने.