नवमीचा आठवडा

आये, आपल्या घराच्या जागेत मला आता वर्षातून एक आठवडा राहता येतं. हे तुला कसं समजावून सांगावं, याचाच विचार करत मी इतके दिवस लिहायचं टाळलं. तू गेलीस त्यानंतर काही वर्षांनी भावकीने मिळून किनाऱ्यावरची सगळी जमीन एका कंपनीला विकली. सह्या करणाऱ्यांत बाबाही होते. नाही म्हणून एकटे किती दिवस उभे राहणार होते? घर पाडलं, माड बरेचसे ठेवले, आपली पाण्याची बाव ठेवली, आणि तिथे रिसॉर्ट उभं राहिलं. आम्ही कुडाळला फ्लॅटमध्ये आलो. त्या रिसॉर्टच्या खोल्या कोणी आख्ख्या विकत घेत नाही. खोलीचा एक आठवडा घेतात. बाकीचे आठवडे दुसऱ्या लोकांचे. त्याला टाइमशेअर म्हणतात. हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे: "आठ दिवसाच्या घरात चूल खंय मांडतलंस गो?"

हे सगळं तुझ्या नवमीपायी झालं. तू सवाष्ण गेलीस, म्हणून पितृपक्षातला तुझा म्हाळ अविधवा नवमीला. बाबांनी तो एकाही वर्षी चुकवला नाही. कुडाळच्या गच्चीत पान ठेवायचे, हात जोडायचे आणि खाली येऊन दिवसभर खिडकीतून कावळे न्याहाळत बसायचे. पुढे पुढे त्यांनी एकच धोशा लावला. "तिना ह्या घर बघल्यानच नाय. ती हंय येतली कशी? तिका थंयच बोलवक व्हया, बावीकडे." मी हसण्यावारी नेत होते. ओरोसच्या कचेरीत नोकरी करणारी, पन्नाशीला टेकलेली मी, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण बाबांचा होता, आणि घरात आम्ही दोघंच होतो. मग एका नवमीला मी वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं केलं, आणि केळीच्या पानात बांधून त्यांना रिक्षाने तिकडे घेऊन गेले. फाटकावरचा रखवालदार आपल्याच बाजूचा निघाला. तो बिचारा लाजत होता, पण हटेना. "आजोबा, मेंबरांशिवाय कोणाक सोडूचा नाय. माझी नोकरी जातली." बाबा पान हातात घेऊन उभे. "माझ्याच बावीर जावक मेंबर होवक व्हया?" असं एकदाच म्हणाले. परतीच्या वाटेवर ते पान आम्ही रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर ठेवलं. आये, त्या दिवशी मला फार राग आला होता. कंपनीचा आला, भावकीचा आला आणि थोडा तुझाही आला.

चारच दिवसांनी मी रिसॉर्टच्या विक्रीच्या कचेरीत जाऊन बसले. कोकमाचं सरबत आलं, एसी लागला, आणि टाय लावलेला एक मुलगा गोड बोलू लागला. आता आठवडा वगैरे नसतो मॅडम, कंपनी पॉइंट देते. पॉइंट वापरून वर्षात हव्या त्या तारखा मागायच्या, हव्या त्या गावी जायचं. पंचवीस वर्षांची मेंबरशिप. सवलत मात्र आज सही केली तरच. मी म्हटलं, मला गावोगाव फिरायचं नाही, वडिलांना एका बावीवर न्यायचंय. तो म्हणाला, वडिलांचं वय काय? मी सांगितलं. फॉर्म पुढे सरकवत तो म्हणाला, मग तर अजिबात वेळ घालवू नका. किंमत ऐकून मी सरबत अर्धं टाकून उठले.

तुझं ऐकूनच मी दुसऱ्या वाटेने गेले. तुझी शिवणाची मशीन आठवते? नवी घ्यायला बाबा तयार होते, पण तू वेंगुर्ल्याच्या कुठल्या बाईची जुनी आणलीस. "वापरलेली वस्तू घेवची. तिची खोड अगोदरच कळलेली आसता." मलाही कोणीतरी सांगितलं, कंपनीकडून घेऊ नको, जुन्या मेंबराकडून घे, निम्म्याहून कमीत पडतं. शोधून काढला एक. कोल्हापूरकडचे निवृत्त गृहस्थ. ते घाट उतरून आले, मी इकडून गेले, आणि फोंडाघाटच्या बाजारात चहा पीत आमचं बोलणं झालं. अगदी सरळ माणूस. म्हणाले, "ताई, आमचं जुन्या स्कीमचं आहे. सप्टेंबरमधला हा आठवडा. पावसात कोण जातंय समुद्रावर? म्हणून विकतोय. पण दरवर्षी हाच आठवडा तुमचा, जग इकडचं तिकडे होऊ दे." मी पर्समधलं छोटं कॅलेंडर काढून बघितलं. नवमी, ती फाटकावरची नवमी, नेमकी त्याच आठवड्यात होती. मला वाटलं, हे तूच घडवून आणलंस. दरवर्षी हाच आठवडा, दरवर्षी नवमी. मी चहाचे पैसेही त्यांना देऊ दिले नाहीत.

आता तू कपाळावर हात मारला असशील. मार. पंचांग बघितल्याशिवाय तू लोणचंदेखील घातलं नाहीस, आणि तुझ्या मुलीला नवमी दरवर्षी इंग्रजी तारखेला येते असं वाटावं! कचेरीत तीस वर्षं तारखा घालून माझं डोकं तसंच झालं होतं. शिवाय बाबांना अचानक सांगून खूश करायचं म्हणून मी कोणाला काही बोललेच नाही. आठवडा माझ्या नावावर व्हायला महिने गेले. कंपनीला जुना मेंबर गेलेला चालत होता, पण कमी पैशात आलेला नवा नको होता. अखेर कार्ड आलं, ते मी बाबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, कार्ड वाचलं, उठून खुंटीवरचं पंचांग आणलं, आणि हसू लागले. आधी नुसते हसत होते, मग डोळे पुसत हसू लागले. "यंदा दोन श्रावण आसत, गो. तुझ्या आठवड्यात चवथ इली. चवथ टाकून हाटेलात जातलंस? तिथ काय तुझ्या आठवड्याची वाट बघता?"

त्या वर्षी गणपती घरात असताना आमची खोली तिकडे रिकामी राहिली. मी रिसॉर्टला फोन करून म्हटलं, आठवडा पुढे ढकला. पलीकडची मुलगी फार अदबीने बोलली. ही सोय कंपनीकडून थेट घेतलेल्या मेंबरांना आहे मॅडम, तुमचं रिसेलचं आहे. कंपनीकडून घेतलं असतं तर नवमी मागून घेता आली असती. स्वस्तात घेतलं, म्हणून आठवडा मिळाला आणि नवमी गेली.

पुढच्या वर्षी नवमी आठवडा संपल्यावर पाचएक दिवसांनी होती. तरी मी बाबांना घेऊन गेले. या वेळी फाटकावर कोणी अडवलं नाही. मनगटावर मेंबरचा पट्टा बांधला, त्याच्याकडे ते मधून मधून बघत होते. बावीवर जाळी मारली आहे आये, आणि आत निळा दिवा सोडला आहे. बाबा जाळीला हात लावून बराच वेळ उभे राहतात. मी म्हणते, आज ठेवूया ना पान, पाच दिवसांनी काय होतंय? मला आत येता आलंय, आणखी काय हवं? ते माझ्याकडे बघतात, रागावत नाहीत. "दिवस चुकलो तर ती येवची नाय गो. तिचा माका म्हायत आसा." सहा रात्री आम्ही तिथे राहिलो, तुला न बोलावता. निघताना त्यांनी पिशवीतून पुढच्या वर्षाचं पंचांग काढलं. ते कुठून पैदा केलं होतं कोण जाणे. "पुढच्या वर्षी नवमी आठवड्यात बसता. बराबर मधीच बसता."

शिमगा झाला आणि बाबांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, हृदय थकलंय. शुद्धीत असले की विचारायचे, "नवमी बसता मां?" मी म्हणायचे, बसता. "मगे बरां." हे दिवसातून कितीदा तरी. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर ते गेले होते.

यंदा नवमी बसली. आठवड्याच्या बरोबर मध्ये. मी भटजींना फोन करून विचारलं, वडील नाहीत, आता पान मीच ठेवलं तर चालेल ना? त्यांनी आधी बाबा कधी गेले ते विचारलं. मग म्हणाले, "त्यांचं वर्ष व्हायचंय, म्हणून यंदा म्हाळच नाही. आणि नवमी तर पुढेही नाही, बाय. नवमी सवाष्णेची. तुझे बाबा होते तोवर तुझी आई सवाष्ण. आता तिचा तो दिवस उरला नाही." फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात खाली बसले. मरून इतकी वर्षं झाल्यावर तू विधवा झालीस आये, आणि ते मला फोनवर कळलं. तुझा दिवस गेला, त्या दिवसासाठी घेतलेला आठवडा मात्र मला आहे. मी मरेपर्यंत आहे. विकायला काढलाय, पण कंपनीकडे हव्या त्या तारखा मिळत असताना पावसातला माझा आठवडा कोणाला हवाय?

तरी मी गेले. भटजींना सांगितलं नाही. खोलीतल्या विजेच्या शेगडीवर वडे केले, ते फुगले नाहीत. सकाळी पाऊस थांबलेला बघून पान घेऊन बावीवर गेले आणि जाळीच्या कडेला ठेवलं. एक माळी लांबून बघत होता, मग पाठ वळवून कामाला लागला.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही आणि कुठे टाकणारही नाही, म्हणून एवढं सांगते. पान ठेवून मी हात जोडले, मोठ्याने हाक मारली, "बाबा, येवा," आणि रडत खोलीवर परत आले. तुला बोलवायचं राहूनच गेलं.